परत न येणारे गिऱ्हाईक

वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार नावाचे गाव आहे. नावातच बाजार असलेल्या गावांची आपल्याकडे उणीव नाही. अशी गावे बहुधा दोन वाटा जेथे एकमेकींना भेटतात तेथे वाढतात. नागपूरहून कारंजा, मालेगाव जहांगीर, मेहकर असा मराठवाड्याकडे जाणारा जुना रस्ता आणि अकोल्याहून मंगरूळपीरकडे येणारा रस्ता यांची गाठ शेलूबाजारला पडते. त्यात आता तिसऱ्या वाटेची भर पडली आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. या महामार्गावर चढण्या-उतरण्याची एक जागा शेलूबाजारजवळ आहे.

बाजाराच्या गावाला दोन प्रकारची गिऱ्हाइके असतात. एक दर बाजाराच्या दिवशी येणारे, दुकानदाराच्या ओळखीचे. दुसरे वाटसरू, आज आले, उद्या कोठे असतील ते सांगता येत नाही. कापड, किराणा, बी-बियाणे ही दुकाने मुख्यतः पहिल्या गिऱ्हाइकावर चालतात. हमरस्त्यावरील पेट्रोल पंप हे मात्र असे दुकान आहे की ज्याच्या दारात दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक सतत उभे असते. म्हणूनच एका जुन्या नैतिक प्रश्नाचा विचार करण्यास आम्हांस ही साधीसुधी जागा फार सोयीची वाटते. प्रश्न असा: जो पुन्हा कधीही येणार नाही, ज्याला आपले नाव ठाऊक नाही आणि फसवले गेल्याचे ज्याच्या ध्यानातही येणार नाही, त्याला पुरे माप का द्यावे?

प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी पंपाचा इतिहास थोडा पाहू. जगातील पहिला पेट्रोल पंप म्हणून ज्याचा मान राखला जातो, तो पंप नव्हताच. ते एक औषधांचे दुकान होते. जर्मनीतील कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या मोटारीचे पेटंट घेतले. परंतु लोकांचा त्या वाहनावर विश्वास बसेना. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीला न सांगता, मानहाइमहून आपल्या माहेरी फोर्त्सहाइमला मोटारीने निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक. वाटेत इंधन संपत आले, तेव्हा वीस्लोख नावाच्या लहानशा गावातील औषधवाल्याच्या दुकानात त्या शिरल्या आणि त्यांनी लिग्रोइन नावाचे द्रव्य विकत घेतले. हे द्रव्य एरवी कपड्यांवरील डाग काढण्यासाठी बाटलीतून विकले जाई. त्या दिवशी त्यावर मोटार चालली. आज त्या गावात या प्रसंगाचे स्मारक आहे.

या घटनेतील एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. पेट्रोलचा पहिला विक्रेता औषधवाला होता, म्हणजे माप हाच ज्याचा धर्म असा मनुष्य. औषधाचा थेंब कमी-अधिक झाला तर रोग्याच्या जिवाशी गाठ असते, हे त्या व्यवसायात मुरलेले. आणि त्याचे पहिले गिऱ्हाईक कोण? धुळीने माखलेली, परगावची, घाईत असलेली एक बाई. जी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढेलच असे नव्हते. पेट्रोलच्या व्यापाराच्या जन्मक्षणीच विक्रेता आणि वाटसरू यांचे हे नाते उभे राहिले.

पुढे इंधनाचा खप वाढला तसे मापाचे साधन बदलत गेले. अमेरिकेतील फोर्ट वेन या गावी सिल्व्हेनस बाउझर यांनी १८८५ साली एका किराणा दुकानदारासाठी रॉकेल मोजून देणारा पंप तयार केला होता. वीस वर्षांनी, १९०५ साली, त्यांनी मोटारींसाठी तसाच पंप बाजारात आणला. पिट्सबर्ग शहरात १ डिसेंबर १९१३ रोजी गल्फ कंपनीने मोटार थेट आत आणता येईल असे इंधन विक्री केंद्र उघडले. आपल्या देशात पहिल्यांदा खेड्यापाड्यांत पोहोचले ते रॉकेल. ‘गॅसलाईट’ या शब्दाचे आपल्या लोकांनी ‘घासलेट’ करून टाकले आणि त्याचा रिकामा डबा धान्य साठवण्यापासून पाणी भरण्यापर्यंत घरोघर उपयोगी पडला. मोटारी आल्या तेव्हा पेट्रोलही आधी डब्यांतूनच मिळे. १९२८ साली बर्मा-शेल कंपनी स्थापन झाली, आणि एस्सो, कॅलटेक्स यांच्या पाट्यांबरोबर तिचीही पाटी हमरस्त्यांवर दिसू लागली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले, तेव्हा पाठीवर कोळशाच्या गॅसची भट्टी घेऊन धापा टाकत चाललेल्या मोटारगाड्या लोकांनी पाहिल्या. १९७४ साली एस्सोचे आणि १९७६ साली बर्मा-शेल व कॅलटेक्सचे राष्ट्रीयीकरण झाले. रस्त्याकडेच्या पंपांवरील पाट्या बदलल्या; दुकाने बहुतेक ठिकाणी त्याच जागी राहिली.

आमचे लक्ष मात्र पाटीकडे नसून मापाकडे आहे. जुन्या काळच्या एका पंपाला वर काचेची उभी भांडी असत. नोकर हाताने दांडा हलवी, जमिनीखालच्या टाकीतून पेट्रोल वर चढे, काचेवरील रेघेपर्यंत भरे आणि मग नळीवाटे गाडीच्या टाकीत उतरे. गिऱ्हाइकाला आपले पेट्रोल डोळ्यांनी दिसे. किती ते दिसे, कसे तेही थोडेफार दिसे. नंतर घड्याळासारख्या तबकडीवर काटा फिरू लागला. त्यानंतर आकडे फिरू लागले, आणि आता ते प्रकाशाने उमटतात. यंत्र अधिकाधिक अचूक झाले, यात शंका नाही. परंतु माप जसजसे अचूक झाले तसतसे ते दिसेनासे झाले. काचेच्या भांड्यासमोर गिऱ्हाईक पेट्रोल पाहत असे. आता तो आकडा पाहतो. पेट्रोल आणि आकडा यांच्यामध्ये जे काही आहे, ते त्याला विश्वासावर सोडावे लागते.

आठवडी बाजारातील व्यवहार निराळा. तेथे पायलीने धान्य मोजणाऱ्याने हात आखडता घेतला तर पुढच्या बाजारी चार लोकांत त्याचे नाव होते. माप भरल्यावर वरून मूठभर टाकणारा व्यापारी टिकतो. ‘मापात पाप करू नये’ ही शिकवण आपल्या आजीआजोबांनी दिली, पण तिच्या पाठीशी गावाची नजरही होती. येथे एक शंका येते. गावाची नजर आहे म्हणून जो खरे माप देतो, त्याला प्रामाणिक म्हणावे की हुशार? त्याचे वागणे चांगले आहे, समाजाला हितकारक आहे. पण त्याचे कारण त्याच्या मनात आहे की गिऱ्हाइकाच्या परत येण्यात, हे बाजारात कळण्यास मार्ग नाही. ते कळते हमरस्त्यावर. ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर वेगाने जाणारा प्रवासी संध्याकाळी कसारा घाट ओलांडून गेलेला असतो. त्याच्या बाबतीत नावलौकिकाचा हिशेब संपतो, आणि उरते ती केवळ सचोटी, असेल तर.

कोणी म्हणेल, यासाठीच कायदा आहे. खरे आहे. पेट्रोल साठवण्याच्या परवान्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या विदर्भातच, नागपूरला आहे. वैधमापन विभागाचे अधिकारी पंपाची यंत्रे तपासून त्यांना मोहोर लावतात. प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित माप ठेवावे लागते आणि शंका आल्यास गिऱ्हाइकाने मागितले तर त्यातून मोजून दाखवावे लागते. पेट्रोलच्या शुद्धतेसाठी गाळणकागद मागता येतो. त्यावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून जावा लागतो. ही सर्व व्यवस्था उत्तम आहे, आणि वाचकांनी आपला हा हक्क संकोच न करता बजवावा असे आम्ही म्हणू.

तरीही कायद्याची एक कड असते, आणि प्रश्न त्या कडेवरच उभा राहतो. यंत्र शेवटी यंत्रच. म्हणून पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक क्षम्य मानला जातो. ही सवलत यंत्राच्या दुबळेपणासाठी आहे. आता समजा, एखाद्या विक्रेत्याने आपले यंत्र मुद्दाम त्या कडेवर, कमी मापाच्या बाजूला, नेऊन ठेवले. तो दिवसाला पाच हजार लिटर विकतो असे धरू. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर म्हणजे दिवसाला २५ लिटर. शंभर रुपये लिटर या ढोबळ भावाने रोज अडीच हजार रुपये, आणि वर्षाला नऊ लाखांच्या वर. गिऱ्हाइकाचे दर पाच लिटरमागे गेले अडीच रुपये. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दोष सापडत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार नाही. कोणाचेच काही गेले नाही, आणि तरी नऊ लाख आले. हे पैसे कोणाचे?

परंपरेने या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विक्रीच्या वस्तूतील दोष तीन प्रकारचे सांगितले: वस्तूच वेगळी देणे, माप कमी देणे आणि प्रत हलकी देणे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणे, यंत्र बिघडवणे, निकृष्ट माल खपवणे हे आजचे तिन्ही प्रकार त्या तीन शब्दांत बसतात. आणि त्यांचा निर्णय असा की, जाणूनबुजून असे करणारा केवळ दोषी नाही. तो ऋणी आहे. ज्याचे घेतले त्याला ते परत करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पश्चात्तापाने चोरी क्षमा होईल, पण कर्ज फिटत नाही.

आणि येथे हमरस्त्यावरील चोरीचे खरे रूप दिसते. बाजारात ज्याला कमी दिले, त्याच्या घरी जाऊन उद्या पायलीभर ज्वारी टाकता येते. महामार्गावरून गेलेल्या त्या हजार माणसांना कोठे गाठणार? कोणी लग्नाला चालले होते, कोणी दवाखान्यात, कोणी पीक विकून परतत होते. नाव नाही, पत्ता नाही. त्यांचे ऋण फेडण्याची वाटच विक्रेत्याने आपल्या हाताने बंद केली. अनोळखी माणसाला फसवणे सोपे असते, म्हणून ते हलके पाप वाटते. पण ते दुरुस्त करता येत नाही, म्हणून ते जड आहे. असे ऋण ज्याचे त्याला देता येत नसेल तर ते गोरगरिबांना द्यावे, असे जुने नीतिशास्त्र सांगते. मग ते देणे दान ठरत नाही. त्याबद्दल देवळात वा चर्चमध्ये संगमरवरी पाटी लावून घेता येत नाही. तो फक्त उशिरा केलेला भरणा असतो.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आपल्या समाजात दानाचे मोल मोठे आहे आणि मापाचे कमी. विदर्भाच्या उन्हाळ्यात रस्त्याकडेला पाणपोई घालण्याची रीत फार सुंदर आहे. रांजणातील पाणी पिणाऱ्याला कोणी जात-गाव विचारत नाही. याच भूमीत जन्मलेल्या गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या त्या वाटसरूंसाठीच. आजच्या पेट्रोल पंपावर पिण्याचे पाणी, चाकातील हवा आणि शौचालय ही सोय विनामूल्य ठेवणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. म्हणजे जुन्या पाणपोईचा वारसा नियमानेच त्याच्याकडे आला आहे. पण ज्याने पंपाच्या नळीत वाटसरूला कमी दिले आणि मग त्यालाच माठातले गार पाणी पाजले, त्याने काय केले? आधी माप, मग दान. न्यायाची जागा दयेने भरून काढता येत नाही.

या गोष्टीसाठी माणसांनी प्राण दिले आहेत, हेही स्मरावे. इंडियन ऑइलमधील तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांनी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात भेसळीच्या पंपावर कारवाई केली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. आपल्या महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यातील मनमाडजवळ २५ जानेवारी २०११ रोजी अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी तेलाची भेसळ करणाऱ्यांना जागेवर गाठले आणि त्यांना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. रेशनवर गरिबाच्या दिव्यासाठी आणि स्टोव्हसाठी स्वस्तात दिलेले रॉकेल तेथून काढून महाग इंधनात मिसळायचे, असा तो काळा धंदा. त्यात एका बाजूला गरिबाचा दिवा विझे आणि दुसऱ्या बाजूला वाटसरूचे इंजिन बिघडे. या दोन अधिकाऱ्यांनी ज्यांच्यासाठी जीव गमावला, ते कोण होते? त्यांना कधीही न भेटलेले लोक. परत न येणारे गिऱ्हाईक किती मोलाचे असते, याची किंमत त्यांनी मोजली.

आता दोष केवळ पंपवाल्याच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. पंपावर उभा असलेला मुलगा उन्हापावसात दिवसभर वाफा हुंगत असतो. यंत्र त्याने लावलेले नाही, दर त्याने ठरवलेला नाही. शिव्या मात्र त्याला पडतात. मालकाने सांगितले म्हणून तो चुकीचे करील, तर तो सर्वस्वी निर्दोष नाही. पण त्याच्या घरची चूल त्या नोकरीवर आहे, हे ध्यानात घेऊनच त्याचा न्याय करावा. आणि गिऱ्हाइकाचे काय? आठशेचे पेट्रोल भरून कार्यालयीन भत्त्यासाठी दीड हजाराची पावती मागणारा सभ्य गृहस्थ पुष्कळांनी पाहिलेला आहे. तो त्या मुलाला सांगतो, “अरे, तुझे काय जाते?” हेच वाक्य यंत्र बिघडवणाऱ्याच्या मनात असते. ज्याची तिजोरी समोर दिसत नाही, त्याचे घेतले तर चालते, हा दोघांचा समान सिद्धांत. मुले मागच्या आसनावर बसून हे ऐकत असतात. घरी धर्मशिक्षण कितीही झाले, तरी तो धडा त्यांना त्या क्षणी मिळून जातो.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? वाटसरूला पुरे माप द्यावे, कारण तो परत येणार नाही. तो परत येणार नाही म्हणूनच तो पूर्णपणे आपल्या हाती आहे. रस्त्यावर इंधन संपत आलेला मनुष्य घासाघीस करीत नाही, चार दुकाने फिरत नाही; तो काटा पाहतो, वळतो आणि टाकीचे झाकण उघडतो. झाकण उघडणे हीच त्याची ठेव. ज्या व्यापाऱ्याकडे नेहमीचे गिऱ्हाईक असते, त्याच्याशी ते गिऱ्हाईक सौदा करते. वाटसरू मात्र त्याच्यावर विसंबतो. आणि जो विसंबला, त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य सौदा करणाऱ्याविषयीच्या कर्तव्याहून थोडे अधिकच असते. प्रभू येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात एक पात्र आमच्या प्रवचनांतून नेहमी मागे राहते: तो खानावळीचा मालक. जखमी अनोळखी, पैसे देणाराही अनोळखी, आणि त्याच्या हाती दोन नाणी व बाकीचे परतल्यावर देतो असा शब्द. त्याने रोग्याची शुश्रूषा कमी करून ती नाणी वाचवली असती तर कोणाला कळले असते? दया पुढे गेली. तिचा भरवसा मात्र रस्त्याकडेच्या एका व्यावसायिकाच्या सचोटीवर टाकलेला होता.

समृद्धी महामार्ग सुरू झाला तेव्हा आरंभी त्यावर सोयी तुरळक होत्या. पुढे त्या वाढत गेल्या, अजून वाढतील. कदाचित उद्या पेट्रोलचा वास जाऊन केवळ वीज भरण्याचे खांब उभे राहतील; तेथे तर पाहण्यासारखे द्रव्यही असणार नाही, फक्त युनिटचे आकडे असतील. काचेचे भांडे पुन्हा येणार नाही. यापुढे माणसाला माणसाचे माप दिसणार नाही, हे आपण धरून चालावे. म्हणून आपल्या ज्या मुलामुलींच्या हाती उद्या ही यंत्रे बनवणे, तपासणे, चालवणे किंवा त्यांच्यापुढे गाडी उभी करणे येणार आहे, त्यांना आपण आज एवढे शिकवू या: पैशाला पैसा, थेंबाला थेंब, समोरचा मनुष्य कोण आहे हे विचारण्याआधी. आणि पुढच्या वेळी पावती घेताना जेवढे भरले तेवढ्याचीच घेऊ या. मुले मागे बसलेली असतील.